पहिल्या थराचा गुडघा

दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर सगळ्यांच्या माना वर असतात. रस्त्यावरची गर्दी, गॅलऱ्यांतल्या बायका, गच्च्यांवरची पोरे, बंदोबस्ताचे पोलीससुद्धा वर पाहत असतात. वर पाहता येत नाही ते फक्त सर्वांत खालच्या थरातल्या गोविंदांना. त्यांचे हात एकमेकांच्या खांद्यांत गुंफलेले असतात, मान खाली असते आणि डोळ्यांसमोर स्वतःची व शेजाऱ्याची पावले एवढेच दिसते. हंडी फुटली हे त्यांना कळते ते लोकांच्या आरोळीवरून. आज मला बोलायचे आहे ते या माणसांच्या गुडघ्यांविषयी आणि त्यांवर बांधलेल्या पट्ट्यांविषयी.

माझा एक बालमित्र तीस वर्षे पहिल्या थरात उभा राहतो आहे. आता तो चौपन्न वर्षांचा आहे. सकाळी घरातून निघण्यापूर्वी त्याची जी तयारी चालते, ती मी अनेकदा पाहिली आहे. उजव्या गुडघ्यावर नीकॅप, डाव्या घोट्यावर क्रेप बँडेज, कमरेला रुंद पट्टा, आणि खांद्यावर बनियनच्या आत दडवलेली टॉवेलची घडी. नातू विचारतो, "आजोबा, लढाईला चाललात का?" मित्र माझ्याकडे पाहून म्हणतो, "भाई, ही बांधाबांध आहे म्हणून मी अजून रस्त्यावर आहे. नाहीतर तुझ्याशेजारी गॅलरीत बसलो असतो."

या 'बांधाबांधी'लाही इतिहास आहे.

आनंद दिघे यांनी सुरू केलेली टेंभी नाक्याची हंडी मानाची हंडी म्हणून ओळखली जाते. २६ ऑगस्ट २००१ रोजी दिघे गेले, पण सलामी द्यायला पथके येतच राहिली. आमच्या लहानपणी आळीची हंडी छोटी होती, चार थरांची. चौदा-पंधराव्या वर्षी मीही दोनदा तिसऱ्या थरात चढलो होतो. अम्मीला ते ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांनी माझ्या गुडघ्याने ते तिला सांगितले असते, पण तोवर ऐकायला ती राहिली नव्हती. त्या काळी साधन म्हणजे कमरेला करकचून गुंडाळलेला पंचा, बस्स. थर कोसळले की आंबेहळदीचा गरम लेप, आणि दुखणे मोठे असेल तर हाडवैद्याच्या बांबूच्या कांबट्या. जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय तर नाक्याच्या जवळच होते. आम्ही म्हणायचो, हंडीची जागा निवडणारा शहाणाच असला पाहिजे!

तो पंचा काही उगीच नव्हता. कष्टाच्या अंगाला आधार बांधायची रीत आपल्याकडे जुनी आहे. डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. जांभळी नाक्याच्या बाजारात पोती वाहणारे हमाल कंबर बांधल्याशिवाय ओझ्याला हात लावत नसत. तालमीत लंगोट कसल्याशिवाय मातीत पाऊल पडत नाही. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार आपण आता भाषणात वापरतो, पण तो शब्दशः खरा होता. कंबर घट्ट बांधली की पोटाच्या आतला दाब वाढतो आणि ओझे उचलताना पाठीच्या कण्याला पुढूनही टेकू मिळतो. हमालाला हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते, त्याच्या पाठीने शिकवले.

आपल्यासारखेच मनोरे स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातही उभे राहतात. त्यांना कास्टेल म्हणतात. वाल्स या गावाच्या परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत रुजली आणि २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तिथला प्रत्येक गडी कमरेला कापडाचा लांबलचक पट्टा गुंडाळतो. त्याला फाइशा म्हणतात. तो एकट्याने बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचे आणि दुसऱ्याने स्वतःभोवती गिरक्या घेत त्यात शिरायचे. हा पट्टा खालच्याच्या कमरेला आधार देतो आणि वर चढणाऱ्या पोराला पाय ठेवायला पायरीही होतो. म्हाताऱ्याचा आधार आणि लहानग्याची पायरी एकाच कापडात! मी कवी असल्यामुळे ही गोष्ट मला फार आवडते, हे कबूल करतो. पण त्याच कॅटलोनियात २००६ साली मातारो येथे मनोऱ्यावरून पडून एक बारा वर्षांची मुलगी दगावली आणि त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले. कापडाने जे भागत नाही, ते तिथल्या लोकांना फार महागात कळले.

गुडघ्याची कथा वेगळी आहे, आणि ती पाण्यातून जाते. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक नीकॅप निओप्रीनच्या असतात. हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत तयार झाले. १९५० नंतर त्यापासून थंड पाण्यात उतरणाऱ्यांसाठी अंगाला चिकटून बसणारे पोशाख बनू लागले. पाणबुडे, लाटांवर स्वार होणारे, बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरणारे असे सगळे तो पोशाख घालू लागले. ऊब धरून ठेवणारे तेच कापड पुढे दुखऱ्या सांध्यांवर आले. ही नीकॅप हाडाला पकडून ठेवत नाही, हे ध्यानात घ्यावे. ती ऊब देते, हलका दाब देते आणि गुडघा कुठे वाकतो आहे याची मेंदूला आठवण देत राहते. सांधा खरोखर धरून ठेवायचा तर पट्ट्या आणि बिजागऱ्या असलेला ब्रेस लागतो. न्यूयॉर्कच्या जेट्स संघाचा फुटबॉलपटू जो नेमथ याच्या गुडघ्यावर १९६५ साली शस्त्रक्रिया झाली. त्याच्यासाठी लेनॉक्स हिल रुग्णालयाचे डॉक्टर जेम्स निकोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा ब्रेस घडवला. तो बांधून नेमथने जानेवारी १९६९ मध्ये संघाला सुपर बाउल जिंकून दिला आणि १९७७ पर्यंत तो खेळत राहिला.

आपल्याकडे दूर जायची गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. जमिनीवर जे शरीर स्वतःचे वजन पेलू शकत नव्हते, त्याला पाण्याने पेलले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेही विश्वविक्रमासह. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले.

असल्या गोष्टींना आपण टाळ्या वाजवतो. मे २००२ मध्ये अँटिग्वाच्या कसोटीत मोडलेला जबडा पट्टीने बांधून अनिल कुंबळेने चौदा षटके टाकली आणि लाराला बाद केले, ते चित्र आजही डोळ्यांसमोर आहे. मात्र हीच पट्टी पन्नाशीच्या माणसाच्या गुडघ्यावर दिसली की आपण हसतो. "आता पुरे की," म्हणतो. एका दिवसाचे बांधणे शौर्य ठरते आणि रोजचे बांधणे म्हातारपण, हा न्याय मला पटत नाही.

दरम्यान हंडी वर जात राहिली. २०१२ साली ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. बरीच न्यायालयीन ये-जा होऊन २०१७ मध्ये वयाची अट चौदा वर्षांवर आली आणि उंचीची मर्यादा उरली नाही. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता जाहीर केली, विमाही आला. १६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्याच्या वर्तकनगरात कोकण नगर पथकाने दहा थर लावले. वरच्या पोराला आता शिरस्त्राण आहे, कमरेला दोर आहे. हे उत्तमच झाले, त्याबद्दल वाद नाही.

माझी तक्रार खालच्या बाजूची आहे. वर एक थर वाढला की त्याचे वजन शेवटी पहिल्या थरावरच येते. वरून पडणाऱ्याचा अपघात एका क्षणाचा असतो. तो दिसतो, त्याची नोंद होते, त्याला विमा मिळतो. खालच्याची झीज वीस-तीस वर्षांची असते. ती कुठल्या दिवशी झाली हे सांगता येत नाही, म्हणून तिची नोंद कुठेच नाही. बक्षिसाच्या लाखांतून टी-शर्ट येतात, ट्रक येतात. पहिल्या थराच्या पट्ट्या मात्र माझ्या मित्रासारखे गडी आपापल्या खिशातून घेतात. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो, त्याच दिवशी प्रत्येकाचा गुडघा आणि कंबर एखाद्या जाणकाराने तपासावी, कुणाला नीकॅप पुरेल, कुणाला ब्रेस लागेल आणि कुणी या वर्षी बाहेर उभे राहावे, हे ठरवावे. कारण पट्टा दुखणे दाबतो, बरे करत नाही. पट्ट्याच्या भरवशावर दोन वर्षे जास्त उभे राहून कायमचे बसलेले गडीही मी पाहिले आहेत. मित्राला हे सांगितले की तो विषय बदलतो.

मलाही बोलायचा अधिकार कितीसा? माझा गुडघा आता सजद्यात वाकत नाही. चार वर्षे मी नीकॅप चढवून मशिदीच्या सफेत उभा राहिलो. मग खुर्ची आली. खुर्चीवरची नमाज मान्य आहे, मजहबने आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. तरीही पहिल्या शुक्रवारी त्या खुर्चीकडे जाताना पाय अडखळले होते.

गेल्या गोकुळाष्टमीला रात्री मित्र आमच्याकडे चहाला आला. भिजलेले क्रेप बँडेज त्याने सोडले, पिळले, आणि कट्ट्यावर बसून पुन्हा नीट गुंडाळायला घेतले. टोक मला धरायला दिले. घोट्यावर विणीचे वळ उठले होते. गुंडाळता गुंडाळता त्याने विचारले, "तुझी ती खुर्ची, भाई, हात असलेली आहे की बिनहाताची?" मी म्हटले, बिनहाताची. "हाताची घे," तो म्हणाला, "उठताना बरं पडतं."