टीपांची शुद्धि

संगणक हा शब्द आमच्या मारेगांवसारख्या तालुक्याच्या गांवींही आतां नवा राहिलेला नाहीं. परंतु त्या यंत्राच्या पोटांत जें लिखाण असतें त्याचा इतिहास मराठींत क्वचितच लिहिला जातो. आणि त्या लिखाणाच्या कडेस घातलेल्या टीपा, व त्या टीपांतील बारीकसारीक चुका निवडून काढणारे लोक, यांचा तर त्याहूनही क्वचित्. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि ज्या महाराष्ट्रांत एका ग्रंथाच्या पाठशुद्धीचा शक व संवत्सर चार शतकें लोकांच्या स्मरणांत राहिला, तेथील वाचकांस तो अगदींच परका वाटूं नये अशी आमची समजूत आहे.

प्रथम कंपायलर म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. यंत्रास कळणारी भाषा केवळ आंकड्यांची. ती मनुष्यानें लिहावी तर आयुष्य पुरावयाचें नाहीं. म्हणून मनुष्य आपल्या सोयीच्या, पण कडक व्याकरणाच्या, भाषेंत आज्ञा लिहितो, आणि त्यांचें यंत्रभाषेंत रूपांतर करण्याचें काम दुसरा एक प्रोग्रॅम करतो. हा दुभाषा म्हणजेच कंपायलर. मौज ही कीं हा दुभाषा स्वतःच लक्षावधि ओळींचा एक ग्रंथ असतो; आणि त्या ओळींच्या मधून मधून, मनुष्यांनीं मनुष्यांसाठीं लिहिलेल्या टीपा असतात. हा भाग अमुक काम करतो, यास अमुक गोष्ट पुरवावी, अमुक प्रसंगीं यावर विसंबूं नये, अशा मजकुराच्या त्या टीपा. मूळ संहितेंत एक अर्धविराम गळाला तर कंपायलर तेथेंच अडून बसतो. टीपेंत दहा चुका असल्या तरी त्यास त्यांचें सुखदुःख नाहीं. टीप दिसली कीं तो ती ओलांडून पुढें जातो. तेथें चूक पकडणारा एकच, आणि तो म्हणजे वाचक.

ही ओलांडून जाण्याची रीत जुनी आहे. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय.बी.एम. कंपनींत 1957 सालीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला, तेव्हां प्रोग्रॅम भोंकें पाडलेल्या कार्डांवर लिहीत. कार्डाच्या पहिल्या रकान्यांत 'सी' हें अक्षर असलें कीं तें अख्खें कार्ड टीपेचें, असा नियम होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1964 मध्यें सी.डी.सी. 3600 हें यंत्र आलें व देशांतील संशोधकांचे प्रोग्रॅम त्यावर चालूं लागले, त्या काळीं हींच कार्डें प्रचारांत होतीं. याच बॅकस यांच्या नांवानें भाषेचे नियम लिहिण्याची जी पद्धति रूढ आहे, तिला पाणिनीचेंही नांव जोडावें, अशी सूचना पीटर इंगरमन यांनीं 1967 मध्यें केली होती. आपल्याकडील सूत्र आणि भाष्य हें जोडपें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस नियम आणि टीप यांचा संबंध निराळा समजावून द्यावयास नको. सूत्र कितीही निर्दोष असो. भाष्य बिघडलें तर शिकणाराचा मार्ग बिघडतो.

पुढें टीपेचा दर्जा वाढला. डोनाल्ड नुथ यांनीं 1984 मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, प्रोग्रॅम हा यंत्रास आज्ञा देण्यासाठीं नव्हे, तर यंत्रानें काय करावें हें दुसऱ्या मनुष्यास समजावून देण्यासाठीं लिहावा. हे गृहस्थ आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखविणारास दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा चेक पाठवीत. मग ती चूक गणिताची असो कीं छपाईची. 1995 च्या सुमारास आलेल्या जाव्हा भाषेबरोबर 'जाव्हाडॉक', आणि 1997 मध्यें 'डॉक्सिजन', अशीं साधनें निघालीं. हीं साधनें संहितेंतील टीपा गोळा करून त्यांचीं नीटनेटकीं पानें तयार करतात, आणि बहुतेक वाचक मूळ संहिता न उघडतां तीं पानेंच वाचतात. अशा रीतीनें टीपेस दोन वाचक लाभले, एक मनुष्य आणि दुसरें हें पानें तयार करणारें यंत्र. आणि या दुसऱ्या वाचकामुळें एका नव्या जातीच्या चुका जन्मास आल्या.

त्यांचे कांहीं नमुने पाहूं. टीपेच्या आरंभीं तीन तिरप्या रेघा पाहिजेत तेथें दोनच पडल्या, कीं ती टीप साधी ठरते व छापील पानावर येतच नाहीं. जाव्हाच्या टीपेंत 'अक्षरमालांची यादी' या अर्थाची संज्ञा टोंकदार कंसांसह जशीच्या तशी लिहिली, तर पान मांडणारें यंत्र तो कंस आपल्या खुणेचा समजून गिळून टाकतें, आणि पानावर नुसती 'यादी' उरते. कशाची यादी, हें वाचकानें ओळखावयाचें! परंतु या सर्वांत आम्हांस विलक्षण वाटते ती डॉक्सिजनमधील एक चूक. एकाखालीं एक अशा वस्तूंच्या यादींत प्रत्येकीसमोर तिची टीप त्याच ओळींत लिहिण्याची चाल आहे. ही टीप मागें आलेल्या वस्तूची आहे हें कळावें म्हणून टीपेच्या आरंभीं डावीकडे टोंक असलेलें एक चिन्ह घालावें लागतें. तें राहिलें, तर यंत्र ती टीप पुढील वस्तूची समजतें. म्हणजे पहिलीचें वर्णन दुसरीस, दुसरीचें तिसरीस. शब्द सारे शुद्ध, अर्थ सारा चुकीचा. आणि प्रोग्रॅम मात्र उत्तम चालत असतो.

हस्तलिखितांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस येथें जुनी ओळख पटेल. पोथी लिहितांना अक्षर गळालें तर आपले लेखक त्या जागीं काकपद घालीत व गळालेलें अक्षर समासांत लिहीत. चुकीचें अक्षर पडलें तर त्यावर पिवळी हरताळ फांसीत. हरताळ फांसणें हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत तेथूनच आला. समासांतील मजकूर कोणत्या ओळीचा, हें दाखविणारी खूण अस्पष्ट झाली, कीं पुढचा नकलकार तो भलत्याच ओळीस चिकटवी. आणि कोणा वाचकानें समासांत लिहिलेला अर्थ हा मूळ ग्रंथाचाच भाग समजून पोटांत घेई. नकलेच्या शेवटीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊं नये, अशी विनंती करण्याचा प्रघात होता. त्या विनंतींत नम्रता किती व हात झटकणें किती, याचा निवाडा ज्यानें त्यानें करावा.

या परंपरेंतील सर्वांत मोठें नांव एकनाथांचें. शके 1212 मधील ज्ञानेश्वरी जवळजवळ तीनशें वर्षें नकलांच्या हातीं फिरत राहिली, आणि शके 1506 मध्यें, म्हणजे 1584 सालीं, एकनाथांनीं तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळांत शुद्ध असून पाठांतरांनीं बिघडला, एवढ्यासाठींच आपण हात घातला, आणि यापुढें कोणीं आपल्या पदरची ओवी यांत घालूं नये, असा त्यांचा अभिप्राय होता. दुरुस्ती करणारानें भर घालूं नये, हा नियम इतक्या स्पष्टपणें त्यापूर्वीं मराठींत कोणीं सांगितल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु एक गोष्ट, त्यांच्याविषयींचा पूर्ण आदर ठेवून, म्हटलीच पाहिजे. कोणती ओवी कशी होती व ती आपण कशी केली, याची नोंद नाथांनीं मागें ठेविली नाहीं. त्या काळीं ती कोणी ठेवीतही नसे. परिणाम असा झाला कीं, वि. का. राजवाडे यांनीं 1909 मध्यें एकनाथपूर्व म्हणून मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हां ज्ञानदेवांचें मूळ रूप कोणतें आणि नाथांचा हात कोठें लागला, यावर विद्वानांस वाद घालीत बसावें लागलें. शुद्धि झाली, पण शुद्धीचा पुरावा हरपला.

हा पुरावा राखण्याची शिस्त आपल्याकडे पुण्यास रुजली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें 1919 मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ केला. 1925 पासून संपादनाची धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांजकडे आली, आणि 1966 मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनीं, तें काम संपलें. एकंदर 1,259 हस्तलिखितें तपासलीं गेलीं. या आवृत्तीचें पान उघडून पाहावें. वर स्वीकारलेला पाठ, खालीं बारीक टाइपांत टाकलेले सारे पाठ व ते कोणत्या पोथींत आहेत तें, आणि जेथें संपादकांस स्वतःस खात्री नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ. संपादकाचा निर्णय ज्यास पटला नाहीं त्यास तो उलटविण्याची सर्व सामग्री त्याच पानावर.

कंपायलरवाल्यांनीं ही शिस्त स्वतंत्रपणें, आणि आपल्या गरजेपोटीं, शोधून काढली. 1972 मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत संहितेचा प्रत्येक बदल जपून ठेवणारें साधन तयार झालें. आज सर्वत्र चालणारें 'गिट' हें लिनस टॉरवल्ड्स यांनीं 2005 मध्यें केलें. त्यांत ओळ बदलली तरी जुनी ओळ नष्ट होत नाहीं. कोणी, केव्हां व कोणत्या कारणानें बदलली, हें तिजबरोबर राहतें. एल.एल.व्ही.एम. हें आजचें एक प्रमुख कंपायलर-कार्य इलिनॉय विद्यापीठांत 2000 सालीं सुरू झालें. त्याच्या जनकांपैकीं एक विक्रम आडवे हे पवईच्या आय.आय.टी.चे 1987 चे पदवीधर. तेथें बदलाच्या नोंदींत, यानें प्रोग्रॅमच्या वर्तनांत कांहींही फरक पडत नाहीं, असें सांगणारीं तीन आद्याक्षरें लिहिण्याचा प्रघात आहे. टीपेंतील चिन्ह दुरुस्त करणारानें त्याच खेपेस मूळ संहितेंतील आज्ञेस हात लावूं नये, असाही संकेत आहे. नाथांचा नियम आणि सुकथनकरांची तळटीप येथें एकत्र आलीं असें आम्हांस वाटतें.

याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाहीं. प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या कोणास तरी तपासावी लागते. जाणत्या माणसाचा वेळ चिन्हें मोजण्यांत जावा काय? शिवाय गिटमध्यें प्रत्येक ओळीवर शेवटचा हात कोणाचा, हें दाखविणारी एक आज्ञा आहे. तिचें नांवच 'ब्लेम', म्हणजे दोष देणें! (दोष देऊं नये म्हणणाऱ्या नकलकारास हें नांव ऐकून काय वाटलें असतें?) एखाद्यानें ओळीच्या आरंभींची मोकळी जागा सारखी केली, कीं त्या ओळीसमोर त्याचें नांव लागतें, व मूळ लेखकाचा शोध एक पायरी मागें पडतो. मांडणीच्या अमुक दुरुस्त्या असें नेमून सांगून त्या या शोधांतून वगळण्याची सोय 2019 मध्यें झाली. तोंवर पुष्कळ ठिकाणीं अशा दुरुस्त्या नकोशाच वाटत.

तरीही आम्ही दुरुस्तीच्या बाजूचे आहोंत. पण जुनें पुसून नव्हे. आमच्याच जिल्ह्याचें पाहा. 1905 पूर्वीं या जिल्ह्यास वणीचें नांव होतें. आणि तें नांव इंग्रजी दप्तरांत 'वून' असें पडलें. पुढें यवतमाळचें नांव आलें, तें इंग्रजींत कित्येक वर्षें 'येओतमल' असेंच छापलें जाई. हीं रूपें चुकलेलीं खरीं. परंतु आज कोणी उत्साही माणसानें जुन्या गॅझेटियरांत शिरून सर्वत्र 'वणी' करून टाकलें, तर त्या काळच्या कागदांत आमचा मुलूख शोधणाऱ्या अभ्यासकाचा दोराच तुटेल. नव्या पानावर शुद्ध रूप द्यावें, जुनें रूप जवळ नोंदवून ठेवावें, हाच मार्ग.

आणि दुरुस्तीची गरज कोणास अधिक, याचाही विचार व्हावा. ज्यानें कंपायलर लिहिला त्यास चुकलेली टीप अडवीत नाहीं. त्यास मूळ ठाऊकच असतें. पवईंतील किंवा इलिनॉयमधील जाणता वाचकही, टीप एक ओळ खालीं सरकली आहे हें क्षणांत ओळखील. परंतु मारेगांवांतील जो मुलगा मराठी शाळेंतून येऊन इंग्रजी टीप शब्दकोश जवळ ठेवून वाचतो, त्यास चूक टीपेची कीं आपल्या इंग्रजीची, हें कळावयास मार्ग नाहीं. तो बहुधा आपल्यासच दोष देतो. आमच्या वर्गांत हा अनुभव वारंवार येतो.

अशा चुकांपैकीं कांहीं आतां यंत्रच दाखवूं लागलें आहे. एल.एल.व्ही.एम. परिवारांतील क्लँग हा कंपायलर, त्यास तशी आज्ञा दिली असतां, टीपेंत सांगितलेलें नांव मूळ आज्ञेंतील नांवाशीं जुळत नसल्यास इशारा देतो. रस्ट या भाषेंत तर टीपेंत दिलेलें उदाहरण खरोखर चालवून पाहतां येतें, व तें फसलें तर टीप नापास होते. पण नांवें जुळत असून वर्णन जुनें झालें आहे, किंवा यादीच्या आधीं एक कोरी ओळ न सोडल्यामुळें चार कलमांचा एक परिच्छेद बनला आहे, हें अशा तपासणीच्या नजरेंतून निसटतें. त्या कोऱ्या ओळीची दुरुस्ती पाठवावयाची झाल्यास ती एकटीच पाठवावी. वाचतां वाचतां दुसरी चूक आढळली, तर तिची नोंद निराळी करावी.