पोर्ट नंबर ५०००

सांगलीत इंटरनेट जोडून द्यायचा धंदा करायचा म्हणजे एक प्रश्न पाचवीला पुजलेला. "राउटरमध्ये बुद्धिबळासाठी कुठलं पोर्ट उघडायचं हो?" भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावाला असं काही वेड लावून ठेवलं आहे, की पुढे ठिपसे झालेल्या बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे इथल्याच, हे रिक्षावालाही सांगतो. तेव्हा गल्लीगणिक एखादा तरी बुद्धिबळवाला असतो आणि त्याचा डाव मध्येच तुटला की फोन मला येतो. उत्तर द्यायला अर्धं मिनिट पुरतं: काहीही उघडायचं नाही. पण समोरच्याला ते पटत नाही. कुणीतरी कधीतरी त्याला उघडायला सांगितलेलं असतं, आणि सांगणारा अगदीच खोटा नसतो. ही समजूत आली कुठून, ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

लांबच्या माणसाशी बुद्धिबळ खेळायचं म्हटलं की मध्ये कुणीतरी तिसरा येतोच. १८२४ मध्ये लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांनी टपालाने सामना सुरू केला, तो १८२८ पर्यंत चालला आणि एडिंबराने जिंकला. तिथे मध्ये टपालखातं होतं. १८४५ मध्ये हॉवर्ड स्टाँटन पोर्ट्समथला बसून तारेवरून लंडनकरांशी खेळला, तेव्हा मध्ये तारमास्तर होता. आमच्या लहानपणी १५ पैशांच्या पोस्टकार्डावर डाव चालायचे. परदेशी गड्याशी खेळताना भाषेचा घोळ नको म्हणून घरांना आकडे दिलेले असत. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, म्हणजे ५२५४. पोस्टमनने हे कार्ड वाचलं तर त्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हाही यायचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सेन्सॉरवाल्यांच्या मनातही तोच विचार आला. असल्या आकड्यांत गुप्त संदेश दडवता येईल म्हणून त्यांनी परदेशी टपालातून बुद्धिबळाच्या चाली पाठवायलाच बंदी घातली. फायरवॉल हा शब्द संगणकात यायला अजून चार-पाच दशकं होती, पण काम तेच: आत काय लिहिलंय ते कळत नाही ना, मग अडवा.

इंटरनेटवरच्या बुद्धिबळाची तारीख बहुतेक जण १५ जानेवारी १९९२ धरतात. त्या दिवशी मायकेल मूर आणि रिचर्ड नॅश यांचा इंटरनेट चेस सर्व्हर खेळाडूंना खुला झाला. त्याला वेबसाइट नव्हती, वेबच अजून रांगत होतं. टेलनेट नावाच्या प्रोग्रॅमने सर्व्हरच्या मशीनला जोडायचं, पोर्ट नंबर, म्हणजे मशीनच्या कुठल्या दाराने आत जायचं तो आकडा, सांगायचा ५०००, की काळ्या पडद्यावर रेघांनी आखलेला पट यायचा. मोहऱ्यांच्या जागी अक्षरं. काळ्याच्या अक्षराआधी फुली, पांढऱ्याचं नुसतं. चाल टाइप करून एंटर मारायचं. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे डॅनियल स्लीटर यांनी प्रोग्रॅमची सूत्रं घेतली, आणि १ मार्च १९९५ रोजी तोच सर्व्हर पैसे देऊन खेळायचा इंटरनेट चेस क्लब झाला. वर्गणी वर्षाला ४९ डॉलर. फुकटात राबलेल्या मंडळींना ते झोंबलं आणि दोनच दिवसांनी, ३ मार्चला, फुकट खेळायचा सर्व्हर वेगळा उभा राहिला. भांडण जुंपलं, चूल वेगळी झाली, पण पोर्ट दोघांनीही तेच ठेवलं: ५०००.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सामान्य गिऱ्हाइकाला इंटरनेट दिलं. स्वस्तातलं खातं नुसत्या अक्षरांचं, चित्रं नाहीत. ब्राउझरवाले नाक मुरडायचे, पण बुद्धिबळवाल्याला त्यात काही उणं नव्हतं, कारण त्याचा पट अक्षरांचाच होता. अडचण होती वेळेची. मोडेमवरून अमेरिकेत चाल जाऊन परत यायला अर्धा-पाऊण सेकंद सहज जायचा आणि तो आपल्या घड्याळातून कापला जायचा. पाच मिनिटांच्या डावात ही उघड लूट. त्यावर सर्व्हरवाल्यांनी तोड काढली: आपल्याच संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम चालायचा, चाल कधी आली आणि कधी गेली याचा शिक्का मारायचा, आणि रस्त्यात गेलेला वेळ हिशोबातून वगळायचा. टाइमसील, टाइमस्टँप ही त्यांची नावं. माझ्या मते ऑनलाइन बुद्धिबळातला सगळ्यात न्यायी शोध हाच, आणि तो कुणाच्या लक्षातही नाही.

फायरवॉलशी पहिली गाठ घरात पडली नाही, ती पडली कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत. अमेरिकेत खेळणारे बरेचसे संगणकाच्या खात्यातले, आणि खेळायचे कामाच्या वेळात. १९९४ च्या आसपास फायरवॉल हा विकत मिळणारा माल झाला आणि कचेऱ्यांनी बाहेर जाणारी दारंही मोजकीच ठेवली. पोर्ट ५००० त्यांत कशाला असेल? म्हणून टिम मॅन यांच्या एक्सबोर्ड या प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात फायरवॉलवर चक्क वेगळा विभाग आला: गेटवेच्या मशीनवरून टेलनेट कसं करायचं, सॉक्स प्रॉक्सीमधून कसं जायचं. साहेबाच्या नाकाखाली डाव कसा लावायचा याचंच ते मार्गदर्शन. पोर्ट उघडायची पहिली चर्चा ही अशी, आणि ती सगळी बाहेर जाणाऱ्या दाराची.

आमच्याकडे घरात तेव्हा फायरवॉलही नव्हती आणि राउटरही नव्हता. बीएसएनएलचं संचारनेट आलं, १७२२३३ फिरवलं की मोडेम किंचाळायचा आणि संगणक थेट जगाच्या रस्त्यावर उभा राहायचा, अंगावर काही नसताना. त्याचं फळ ऑगस्ट २००३ मध्ये मिळालं. ब्लास्टर नावाचा किडा आला. खिडकी उघडायची, ६० सेकंद उलटे मोजायची आणि संगणक बंद. त्या पंधरवड्यात मी जेवायला वेळेवर घरी गेल्याचं आठवत नाही.

पुढच्या वर्षी पाळी थेट पोर्ट ५००० ची आली. विंडोज एक्सपीत यूपीएनपी नावाची एक सोय होती, घरातल्या यंत्रांनी एकमेकांना आपोआप ओळखावं म्हणून. मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी नेमका ५००० हाच नंबर वापरला होता. बुद्धिबळाशी संबंध शून्य, निव्वळ योगायोग. मे २००४ मध्ये बोबॅक्स आणि किबुव्ह हे किडे जगभर ५००० हे दार वाजवत फिरायला लागले. मी ज्यांची कामं बघायचो त्या ऑफिसांतून फर्मान सुटलं: ५००० बंद, येणारं बंद आणि जाणारंही बंद. किडा येणाऱ्या दाराने यायचा, जाणारं बंद करून बुद्धिबळवाल्यांचा तेवढा बळी गेला. त्याच ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. त्याने विंडोजची फायरवॉल चालू करूनच दिली आणि यूपीएनपीचा नंबरही बदलला. पण "५००० ला काहीतरी गडबड आहे" हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि घरोघरी राउटर बसले. व्हीपीआय शून्य, व्हीसीआय ३५ हे आकडे तेव्हापासून मला झोपेतही येतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. या डब्याने एक मोठं काम न सांगता केलं. घरातल्या सगळ्या संगणकांना खासगी पत्ते दिले आणि बाहेर जगाला एकच पत्ता दाखवला. याला नॅट म्हणतात, मे १९९४ मध्ये ही युक्ती प्रथम लिहून काढली गेली, पत्ते संपतील या भीतीपोटी. राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो: आतून कुणी बाहेर गेलं की वहीत नोंद करतो, त्याच्या नावाने परत आलेल्याला सोडतो, आणि न सांगता आलेल्याला फाटकावरूनच वाटेला लावतो.

बुद्धिबळ खेळताना आपण सर्व्हरकडे जातो, सर्व्हर आपल्याकडे येत नाही. म्हणजे वहीत नोंद आपसूक होते आणि दार उघडायचा प्रश्न येत नाही. ज्या खेळांत एका खेळाडूच्या संगणकावर बाकीचे येऊन जोडायचे, एज ऑफ एम्पायर्ससारखे, त्यांना येणारं पोर्ट लागायचं. त्या खेळांचे नंबर आणि बुद्धिबळाचे नंबर एकाच यादीत छापले जायचे. याहू चेसचा ११९९९ त्यातलाच. पोरांनी यादी पाहिली, सगळे नंबर राउटरमध्ये भरले, डाव चालला, आणि नंबर भरले म्हणूनच चालला असं ठरलं. गैरसमज इथला.

तरीही डाव तुटायचे, हे खरं. विश्रामबागेत गणिताचे एक निवृत्त सर होते, जुने पोस्टकार्डवाले. विनबोर्ड हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लावून फुकट्या सर्व्हरवर पाऊण-पाऊण तासाचे डाव खेळायचे. मला म्हणाले, "अरे, मी विचार करायला लागलो की तुझं नेट जातं." मी हसलो. ते म्हणाले, "हसू नकोस, बघ." आणि वजिराच्या बाजूचा एक गुंता समोर घेऊन डोळे मिटून बसले. मी राउटरचे दिवे बघत होतो. लिंकचा दिवा स्थिर, इंटरनेटचा स्थिर, डेटाचा दिवा मात्र एकदाही लुकलुकला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी घोडा उचलून ठेवला आणि पडद्यावर काहीच झालं नाही. कनेक्शन मेलेलं होतं. माझ्याआधी येऊन गेलेल्या कुणा मेकॅनिकने ५००० पोर्ट उघडून ठेवलं होतं, वर डीएमझेडही चालू केलं होतं. म्हणजे सरांचा अख्खा संगणक चव्हाट्यावर, आणि मूळ दुखणं जागच्या जागी.

दुखणं नोंदवहीचं होतं. स्वस्त राउटरची वही छोटी. काही मिनिटं एखाद्या कनेक्शनवर हालचाल नसली की तो ते मेलं समजून नोंद पुसतो. गाणं उतरवताना, सिनेमा बघताना हे कधी कळत नाही, कारण माल सतत वाहत असतो. बुद्धिबळात दोन माणसं गप्प बसून विचार करतात, आणि तारेवर अक्षरशः काही नसतं. जितका खोल विचार, तितकी लाइन कापली जायची शक्यता जास्त. २००८ मध्ये यावर नियम लिहिला गेला, की शांत टीसीपी कनेक्शन निदान २ तास ४ मिनिटं तरी राउटरने विसरू नये. राउटर बनवणाऱ्यांपैकी कितींनी तो पाळला ते माझ्या फोनची घंटा सांगेल. काही मॉडेलांत ॲडव्हान्स्ड पानावर ही मुदत वाढवता येते, सरांच्या मॉडेलात ती सोय नव्हती. मग विनबोर्डलाच कीप अलाइव्हची सूचना दिली: माणूस गप्प असला तरी दर थोड्या मिनिटांनी सर्व्हरला तारीख विचारत जा. तारीख कुणालाच नको होती, दिवा लुकलुकायला हवा होता. डीएमझेड बंद केलं, ५००० ची नोंद खोडली. सरांचे डाव त्यानंतर तुटले ते वीज गेल्यावरच.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. २००७ मध्ये चेस डॉट कॉम आलं, २०१० मध्ये तिबो द्यूप्लेसीचं लिचेस. डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली जोडणी उघडी ठेवायचा, नियम पक्का झाला आणि बुद्धिबळ ४४३ नंबरवरून, म्हणजे बँकेचं पान जिथून येतं त्याच दारातून धावायला लागलं. गप्प डाव जिवंत ठेवायला त्यात पिंग-पाँगची सोय मुळातच आहे. आता बुद्धिबळ पोर्टवरून ओळखताच येत नाही. बारावीच्या पोरांचे आईबाप येतात, "परीक्षेपर्यंत चेस बंद करून द्या" म्हणतात, तर ४४३ बंद केलं की सगळंच बंद. साइटच्या नावाने अडवावं लागतं, आणि पोरगं मोबाइलच्या डेटावर जातंच.

उलट बाजूने, आज पोर्ट उघडायचं म्हटलं तरी बहुतेक घरांत उघडत नाही. पत्त्यांची टंचाई इतकी, की कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे कित्येक घरं बसवतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारा एक पट्टा राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरवर बाहेरचा पत्ता तसा दिसला, तर तुमच्या वॉचमनच्या पुढे कंपनीचा वॉचमन उभा आहे. आपलं फाटक सताड उघडून उपयोग नाही.

३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन ऑलिंपियाडचा भारत-रशिया अंतिम सामना होता. कर्णधार आपला नाशिकचा विदित गुजराथी. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन गेलं आणि दोघं वेळेवर हरली. त्या दिवशी जगभरातच इंटरनेटला मोठा दणका बसला होता. भारताने दाद मागितली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने सुवर्णपदक दोन्ही संघांना दिलं. दुसऱ्या दिवशी सांगलीतून मला किती फोन आले, "आमच्या पोराची फायरवॉल काढून टाका"! निहाल आणि दिव्याच्या राउटरला कुणी हात लावला असता तरी त्या दिवशी काडीचा फरक पडला नसता.

तेव्हा एवढं करा. राउटरचं पान उघडा, पत्ता डब्याच्या बुडाशी चिकटवलेला असतो. पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर असं लिहिलं असेल तिथे बुद्धिबळाच्या नावाची, ५००० ची, ११९९९ ची जुनी नोंद सापडली तर पुसा. डीएमझेड बंद करा. घरात कुणाला लागत नसेल तर यूपीएनपीही बंद करा. स्पर्धेचा डाव असेल तर वायफायवर न राहता वायर लावा. आणि पासवर्ड अजून ॲडमिनच असेल, तर हे सगळं करायच्या आधी तो बदला.