निसर्ग घरी आणताना...

बांबूचे दिवे, वारली चित्रांच्या चौकटी, वेताची आसने, तागाचे गालिचे अशा निसर्गाशी नाते सांगणाऱ्या शोभेच्या वस्तूंनी ऑनलाइन दुकाने गजबजली आहेत. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावरील देखण्या छायाचित्राने हरखून जाण्यापूर्वी ती वस्तू कशाची आहे, कोणी घडवली आणि आपल्या घरात ती किती काळ टिकेल, याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

शहरातील घरांचे अंगण केव्हाच हरवले आणि बहुतेकांची गॅलरीही खोलीत सामावली गेली. हिरवाईची ओढ मात्र कायम राहिली. पानाफुलांची नक्षी, मातीचे रंग आणि गवताची वीण यांना आजच्या गृहसजावटीत मानाचे स्थान मिळाले आहे, ते याच ओढीमुळे. एरवी साधे मडके घेतानाही आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही. वस्तूचा स्पर्श, वजन आणि वास यांतून जे कळते, ते सारे तिच्या वर्णनातूनच जाणून घ्यावे लागते. म्हणून हे वर्णन शब्दन् शब्द वाचावे.

शब्दांमागचे लाकूड

'सागवानी फिनिश' या शब्दांत सागाचा केवळ रंग असतो. आतील फळी बहुधा लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक दाबून केलेली, म्हणजे एमडीएफची असते. ती कोरड्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहील. परंतु न्हाणीघराजवळ किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर तिच्या कडा फुगतात. 'व्हेनिअर' म्हणजे अशा फळीवर किंवा प्लायवूडवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. अस्सल भरीव लाकडासाठी 'सॉलिड वूड' असा स्पष्ट उल्लेख आणि लाकडाचे नाव हवे. यांपैकी कोणतीही वस्तू घेण्यास हरकत नाही. मात्र एमडीएफला सागाची किंमत मोजू नये.

शेवाळाच्या हिरव्यागार चौकटींचेही तसेच. त्यांतील शेवाळ जिवंत नसते, ग्लिसरीनसारख्या द्रव्याने त्याचा मऊपणा राखलेला असतो. त्याला पाणी घातल्यास ते खराब होते. तागाचा गालिचा पायांना सुखद वाटतो. पण पाण्याचे डाग त्यावर उमटतात आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो. त्याची जागा कोरड्या बैठकीच्या खोलीत असावी.

बांबू आणि वेत

सूप, रोवळी, परडी आणि टोपली या वस्तू आपल्याकडे बुरूड कारागीर पिढ्यान् पिढ्या विणत आले आहेत. पुण्यातील बुरूड आळी हे नावच त्याची साक्ष देते. तीच वीण आज दिव्याची झडप किंवा भिंतीवरील शोभेचे सूप होऊन ऑनलाइन दुकानांत झळकते. खासगी जमिनीवरील बांबूला वन कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून २०१७ मध्ये वगळण्यात आले. त्यामुळे तो तोडणे आणि त्याची वाहतूक करणे शेतकऱ्यांना सुलभ झाले.

बांबूचा शत्रू म्हणजे भुंगेरा. बांबूतील पिष्टमय अंशावर त्याची अळी पोसली जाते. वस्तूखाली पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली, तर कीड लागली असे खुशाल समजावे. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू पुष्कळ टिकतो. 'प्रक्रिया केलेला बांबू' असा उल्लेख नसल्यास विक्रेत्याला तसे विचारावे. बांबू आणि वेत यांना पावसाळ्यात बुरशी धरते. अशा वेळी कोरड्या फडक्याने पुसून वस्तू हवेशीर जागी ठेवावी.

वारली : चित्र की छाप?

गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्याच साहित्यातून वारली चित्रकला बहरली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळाले.

तरीही 'वारली' नावाने विकल्या जाणाऱ्या उशांच्या अभ्र्यांवर आणि कपांवर अनेकदा यंत्राची छाप असते. छायाचित्र मोठे करून पाहावे. हाताने काढलेल्या रेषेची जाडी ठिकठिकाणी बदलते आणि दोन माणसे हुबेहूब सारखी नसतात. छापील नक्षीत तीच आकृती तशीच पुन्हा येते. 'वारली शैली' आणि 'हाताने रंगवलेले वारली चित्र' यांतील भेद किमतीतही दिसावयास हवा. ट्रायफेडचे 'ट्राइब्स इंडिया' हे दुकान आदिवासी कारागिरांच्या वस्तूंसाठीच आहे. चित्रकाराचे आणि गावाचे नाव देणाऱ्या विक्रेत्यास प्राधान्य द्यावे.

हे मुळीच घेऊ नये

'इंद्रजाल' नावाची जाळीदार, काळपट 'वनस्पती' चौकटीत बसवून, वास्तुदोष घालवणारी म्हणून विकली जाते. वस्तुतः ती वनस्पती नव्हेच. तो समुद्रपंखा, म्हणजे प्रवाळांच्या कुळातील असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत होय. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. त्याचा व्यापार हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. विकत घेणाराही त्यात अडचणीत येऊ शकतो. समुद्रातील खरे प्रवाळ, नॉटिलससारखे काही शंख आणि राक्षसी शिंपले यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. चौकटीत टाचलेल्या फुलपाखरांबाबतही सावध राहावे, कारण अनेक भारतीय जाती संरक्षित आहेत. आपोआप गळालेली मोरपिसे देशात विकता येतात. पण त्यांच्या निर्यातीस बंदी असल्याने परदेशातील आप्तांना ती भेट म्हणून पाठवू नयेत.

मागणी नोंदवण्यापूर्वी

छायाचित्रात भव्य दिसणारी टोपली प्रत्यक्षात तळहाताएवढी निघते, हा अनेकांचा अनुभव. त्यावर सोपा उपाय आहे. वर्णनातील सेंटिमीटरच्या मापाने जुने वर्तमानपत्र कापावे आणि भिंतीवर चिकटवून दोन दिवस पाहावे. वस्तू लहान की मोठी, ते आपोआप कळते.

ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार वस्तू कोणत्या देशात बनली, ती परत करण्याच्या अटी काय आणि तक्रार निवारण अधिकारी कोण, हे दुकानाने दाखवणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. यासाठी पार्सल उघडतानाचे छायाचित्र आणि मूळ वर्णनाची प्रत जपून ठेवावी.

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे अनेक मराठी घरांत आजही दिसतात. आंबा, केळी, वांगी, मिरची सारे इतके हुबेहूब, की पाहुण्याचा हात नकळत पुढे जावा. निसर्गापासून प्रेरणा घेणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठच आहे. कारागिराने फळाचे रूप निरखले आणि आपल्या हातांनी ते लाकडात उतरवले. समुद्राच्या तळाशी वाढणारा जीव खुडून भिंतीवर टांगण्याची त्याला गरज पडली नाही. ऑनलाइन दुकानात 'खरेदी करा' या बटणावर बोट ठेवताना ग्राहकाने एवढा विवेक बाळगला, तरी घराची शोभा आणि निसर्गाची शोभा दोन्ही शाबूत राहतील.