प्रवासी बसचालकाचा परवाना व बिल्ला (गोवा)

भाडे घेऊन प्रवासी नेणारी बस चालवण्यासाठी चालकाकडे दोन गोष्टी लागतात: परिवहन वाहनाची (बोलीत 'ट्रान्सपोर्ट') नोंद असलेले लायसन्स आणि राज्याचा बिल्ला, ज्याला सगळे 'बॅज' म्हणतात. लायसन्सचा आधार मोटार वाहन अधिनियम, 1988 आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 हा आहे. बिल्ला गोवा मोटार वाहन नियम, 1991 खाली येतो. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत वाहतूक खात्याची कार्यालये असून गाड्यांच्या क्रमांकांत जीए 04 डिचोलीचा तर जीए 11 पेडण्याचा आहे. परीक्षेच्या तयारीचा विचार करताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. ही परीक्षा गाडी तपासते. गाडीतला माणूस तिच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही. प्रवाशाविषयीचे चालकाचे कर्तव्य कायद्याने तपशीलवार लिहिले आहे, पण ते परीक्षेच्या कलमांत न ठेवता शिक्षेच्या कलमांत ठेवले आहे. म्हणून परीक्षेपुरती तयारी करणारा उमेदवार उत्तीर्ण होतो, तरी त्याची बस चालवण्याची तयारी अपुरी राहते.

पात्रता: वयाची 20 वर्षे पूर्ण हवीत. हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही. नमुना 1-अ मध्ये डॉक्टरांचा दाखला आणि नमुना 5 मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. अशा स्कूलचे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान 30 दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान 15 तास असावे, असे नियम 31 सांगतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये काढली गेली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परिवहन लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

लायसन्सचा वर्ग: मूळ अधिनियमात मध्यम व जड मालवाहू आणि मध्यम व जड प्रवासी असे चार वेगळे वर्ग होते. 1994 च्या दुरुस्तीने ते मिटवून 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग केला. डिचोली तालुक्यात या बदलाचा अर्थ चटकन कळतो. खाणीवरून बार्जच्या धक्क्यापर्यंत खनिज नेणारा टिप्परचालक आणि डिचोली स्थानकातून पणजीची बस काढणारा चालक अधिनियमाच्या नजरेत एकाच वर्गाचे आहेत. गोव्यातले खाणकाम 2012 मध्ये बंद पडले आणि पुन्हा सुरू होऊन मार्च 2018 मध्ये परत थांबले. अशा वेळी टिप्परवरून बसकडे वळणाऱ्याला कायदा नवी चालन परीक्षा द्यायला सांगत नाही, बिल्ला तेवढा घ्यायला सांगतो. टिप्परचालकाचे कसब कमी प्रतीचे आहे, असे इथे सुचवायचे नाही; भरल्या गाडीने लाल चिखलातला उतार उतरणे सोपे काम नव्हे. पण खनिज वाटेत चढत-उतरत नाही. ब्रेक जरा जोरात दाबला म्हणून ते दांड्याला धरून उभे असताना तोल जाऊन पडतही नाही. हा फरक 1994 पूर्वी निदान वर्गाच्या नावात तरी होता. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 7,500 किलोपर्यंतची परिवहन वाहने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतात, असा निकाल दिला. त्या वजनात बसणाऱ्या छोट्या प्रवासी गाड्यांसाठी वेगळ्या नोंदीचीही गरज उरली नाही.

परीक्षेत काय असते: शिकाऊ लायसन्सच्या प्राथमिक चाचणीचे विषय नियम 11 मध्ये आहेत: वाहतुकीची चिन्हे व रस्त्याचे नियम, अपघातानंतरची कर्तव्ये, बिनफाटकवाल्याच्या रेल्वे फाटकावरची खबरदारी आणि जवळ बाळगायची कागदपत्रे. यातला तिसरा विषय लक्षात घेण्यासारखा आहे. कलम 131 प्रमाणे अशा फाटकावर गाडी थांबवून वाहकाने किंवा क्लीनरने पायी पुढे जायचे, दोन्ही बाजूंनी आगगाडी येत नाही हे पाहायचे आणि मगच बस पुढे घ्यायची. कोकण रेल्वे पेडणे तालुक्यातूनच गोव्यात शिरते; पण देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची बिनफाटकवाल्याची फाटके 2019 च्या सुरुवातीपर्यंत संपुष्टात आणली गेली. म्हणजे ब्रॉडगेजवर आता नसलेल्या फाटकाला चाचणीत स्वतंत्र जागा आहे, आणि रोज शेकडो वेळा उघडणाऱ्या बसच्या दाराला नाही.

प्रत्यक्ष चालवण्याची कसोटी नियम 15 मध्ये आहे. आरसा नीट लावणे, वरच्या गिअरपर्यंत झटके न देता जाणे, उतारावर चटकन खालचा गिअर घेणे, ओव्हरटेक करणे आणि करू देणे, अरुंद जागेत मागे घेणे, अशी तिची यादी आहे. या तालुक्यांतल्या उमेदवाराने जास्त वेळ द्यावा तो चढावर थांबून पुन्हा निघण्याला. गाडी तसूभरही मागे न सरकता हँडब्रेकचा किंवा थ्रॉटल आणि पायब्रेक यांचा योग्य वापर झाला पाहिजे, असे नियमाचे म्हणणे आहे. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना याला पर्याय नसतो. मैदानावरच्या छोट्या उंचवट्यावर मात्र रिकामी बस हाफ क्लचवर सहज धरून ठेवता येते, आणि तेवढ्याने सवय झाली असे वाटू लागते. सरावासाठी बसमध्ये वजन असणे म्हणूनच महत्त्वाचे. मांद्रे, हरमल आणि पेडण्यातल्या केरीकडचे किनारी रस्ते अरुंद आहेत; तिथे मागे घेण्याच्या सरावाचा उपयोग परीक्षेनंतरही रोज होतो.

प्रवाशाविषयीचे नियम: केंद्रीय नियमांतला नियम 21 ज्या कृत्यांसाठी लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकते ती सांगतो. प्रवाशाशी असभ्य वागणे, सार्वजनिक सेवेची गाडी चालवताना धूम्रपान, चालकाला अडचण होईल असे कोणाला शेजारी बसवणे, वाटेत विनाकारण रेंगाळणे ही त्यांतली काही. एक तरतूद तर थेट थांब्याबद्दल आहे: वाहकाने किंवा प्रवाशाने खूण केल्यावर मान्य थांब्यावर पुरेसा वेळ, सुरक्षित आणि सोयीच्या जागी बस उभी न करणे हा दोष आहे. 'पुरेसा वेळ' म्हणजे पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बाईचे दुसरे पाऊल जमिनीला लागेपर्यंतचा वेळ. हे शिकवता येते, पाहता येते आणि गुणही देता येतात. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला बस उतू जाते तेव्हा या एका तरतुदीवर माणसांचे हातपाय अवलंबून असतात. तरीही निरीक्षक चाचणीत ती तपासत नाही.

यावर आक्षेप असा की ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार, आगीचे धोके आणि चालकाचा जनसंपर्क हे विषय आहेतच. ते खरे आहे, पण जनसंपर्काचा भर रस्त्यावरच्या इतर लोकांशी सौजन्याने वागण्यावर आहे, आणि नियम 15 च्या यादीत नसलेला विषय तीस दिवसांत सर्वांत आधी मागे पडतो. दुसरा आक्षेप, बिल्ला त्यासाठीच असतो. बिल्ल्याने चालकाची ओळख पटते आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची ते कळते. राज्यांना बिल्ल्याचा अधिकार देणाऱ्या कलम 28 मध्ये त्याचा उल्लेख गणवेश आणि शुल्क यांच्यासोबत आहे, थांब्यावरच्या कसबाच्या चाचणीसोबत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परीक्षा वाढवली तर कमी शिकलेल्या तरुणाची रोजगाराची वाट अडेल. आठवीची अट काढण्यामागचा विचार हाच होता आणि तो योग्यही होता. पण थांब्यावर बस कशी लावतो, दार बंद झाल्याची खात्री करून मगच गिअर टाकतो का, हे पाहायला वही-पेन्सिल लागत नाही.

इतरत्र: अमेरिकेत बससाठी लायसन्सवर वेगळी प्रवासी नोंद लागते, तिच्या चाचणीत प्रवासी चढवणे-उतरवणे, आपत्कालीन दारांचा वापर आणि आग लागल्यावर करायच्या गोष्टी येतात.

तयारी: नियम 11 आणि 15 सोबत नियम 21 वाचावा आणि त्यातली प्रत्येक तरतूद सरावाच्या वेळी मोठ्याने म्हणून गाडीवर करून पाहावी. आपत्कालीन दार स्वतःच्या हाताने उघडून पाहावे. कलम 134 प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे काम आहे; प्राथमिक चाचणीत त्यावर प्रश्न येतो.

शुल्क: लायसन्सचे केंद्रीय नियमांनी ठरते, बिल्ल्याचे राज्य सरकार ठरवते.

वाहक: वाहकाला कलम 29 प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. 1980 मध्ये स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाच्या शटल गाड्यांत मात्र तिकीट खिडकीवर मिळते आणि गाडीत वाहक नसतो. तिथे खूण करायला प्रवासीच उरतो, आणि ती आरशात पाहायची जबाबदारी एकट्या चालकाची. वाहक नसलेल्या गाडीची कल्पना अधिनियम करणाऱ्यांना होती: सोबत कोणी नसेल तर फाटकावर चालकाने स्वतः खाली उतरून रूळ पाहावेत, असे कलम 131 सांगते. थांब्यासाठी असे काही लिहिलेले नाही.