बस्त्याच्या गावची कवयित्री

आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरलं की बस्ता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरलाच बांधायचा. भावाच्या लग्नाला आईबरोबर मी पहिल्यांदा निघाले, तेव्हा आजी म्हणाली, "कॅम्पात जाताय व्हय? दिवस मावळायच्या आत या." मी तिला सुधारायची, "आजी, गांधीनगर म्हण." ती कधीच म्हणाली नाही. कॅम्प म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा, एवढंच मला ठाऊक होतं. त्याआधीच्या कॅम्पाची गोष्ट फार उशिरा कळली, तीही कोल्हापूरच्या महावीर उद्यानात फिरायला जाताना दिसणाऱ्या पोलिश लोकांच्या स्मारकामुळं.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या, माळावर पोलंडचे सुमारे पाच हजार लोक राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४० सालच्या थंडीत सोव्हिएत शिपायांनी त्यांची दारं ठोठावली, गाठोडं बांधण्यापुरता वेळ दिला आणि मालगाडीत कोंबून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात नेलं. १९४१ मध्ये सुटका झाली. मग इराण, कराची करत ती गाठोडी कोल्हापूर संस्थानात येऊन सुटली. माळावर बराकी उभ्या राहिल्या. शाळा, चर्च, स्काउटची पथकं सुरू झाली.

या मुलांना भारत दाखवायला एक बाई येत असत. नाव वांदा डिनोव्स्का. इथं सगळे त्यांना उमादेवी म्हणत. १८८८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्म, पिंड कवीचा, ओढ थिऑसॉफीची. १९३५ मध्ये त्या भारतात आल्या, गांधीजींच्या सहवासात राहिल्या आणि इथल्याच झाल्या. गीता त्यांनी पोलिशमध्ये नेली. १९४४ मध्ये मद्रासला मॉरिस फ्रिडमन यांच्यासह त्यांनी 'पोलिश-भारतीय ग्रंथमाला' काढली. भारत पोलंडला कळावा आणि पोलंड भारताला, हा त्या मालेचा हेतू. आणि नेमक्या त्याच वर्षांत त्यांचे पाच हजार वाचक पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिले होते! पोरांच्या आयुष्यातली ती वर्षं नुसती घरच्या वाटेकडं डोळे लावून जाऊ नयेत, ज्या मातीत राहतोय ती त्यांना कळावी, म्हणून ही बाई त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत इथल्या गोष्टी बोलत असे.

फ्रिडमन तर आपल्याला आणखी जवळचे. वॉर्सातले हे ज्यू इंजिनियर. औंध संस्थानाच्या १९३९च्या स्वराज्य-घटनेत त्यांचा मोठा वाटा. पुढं मुंबईत खेतवाडीतल्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, ते इंग्रजीत जगापुढं ठेवलं तेही त्यांनीच.

१९४८ मध्ये वळिवड्याचा कॅम्प रिकामा झाला. कुणी पोलंडला परतलं, कुणी इंग्लंडला गेलं. त्याच बराकींत सिंधी कुटुंबं उतरली आणि पुढं तिथं कापडाची पेठ वसली. उमादेवी मात्र परतल्या नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर त्या पुन्हा निर्वासितांमध्येच जाऊन राहिल्या. या खेपेला तिबेटी. १९७१ मध्ये म्हैसूरला त्या वारल्या.

परवा भाचीचा फोन आला, "मावशी, बस्त्याला कुठं जायचं?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "कॅम्पात."