तट्टूच्या पाठीवरून कमोडच्या कडेपर्यंत : एका छोट्या जोडणीचा इतिहास

१/ शौचानंतर पाण्याने धुणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यालाही इतिहास असेल असे मनात येत नाही. टमरेल भरले की प्रश्न मिटला. परंतु ज्या समाजांनी कागद स्वीकारला, त्यांना पाण्याकडे परतायला मोठा वळसा घ्यावा लागला. त्या वळणावर एक आजारी पिता आणि त्याचा मुलगा उभे आहेत.

२/ आरंभ अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. ‘बिडे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान घोडा, तट्टू. लाकडी चौकटीत बसवलेले हे बुटके पात्र तट्टूवर बसावे तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून वापरत. नळ नव्हता, पाणी सुरईने ओतावे लागे. म्हणून त्याची जागा न्हाणीघरात नव्हे, शयनगृहात होती.

३/ घरोघर नळ आल्यावर बिडे न्हाणीघरात सरकले. इटलीत ते इतके रुजले की, १९७५ च्या नियमाने प्रत्येक घरातील किमान एका न्हाणीघरात ते बंधनकारक झाले. मात्र त्यासाठी स्वतंत्र जागा, स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र निचरा लागे. लहान घरांत ही चैन परवडणारी नव्हती.

४/ अमेरिकेने ते स्वीकारलेच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी युरोपातील वेश्यागृहांत बिडे पाहिले आणि त्याला बदनामी चिकटली, असे एक कारण नेहमी दिले जाते. तिथे कागदाचे राज्य होते. १८५७ मध्ये जोसेफ गेयेटी यांनी न्यूयॉर्कमध्ये विक्रीस आणलेल्या कागदाची जाहिरात तर मूळव्याधीवरील उपाय म्हणून झाली होती!

५/ पण मूळव्याध, शस्त्रक्रियेची जखम किंवा वार्धक्य यांत कोरडा कागद म्हणजे रोजची यातना. डॉक्टर अशा रुग्णांना कोमट पाण्यात बसायला सांगत. आपल्याकडील निसर्गोपचारात याला कटिस्नान म्हणतात. ज्याला उठता-बसताही येत नाही, त्याने दिवसातून अनेकदा टबात कसे उतरावे?

६/ १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स माउरर यांनी ‘क्लोसोमाट’ हे स्वतः धुणारे शौचपात्र काढले; पण त्यासाठी संपूर्ण भांडे बदलावे लागे. अमेरिकेतील आर्नोल्ड कोहेन यांनी आजारी वडिलांसाठी वेगळा मार्ग शोधला. भांडे तेच ठेवायचे आणि पाण्याची सोय बैठकीलाच जोडायची. १९६४ मध्ये त्यांची ‘अमेरिकन बिडे कंपनी’ उभी राहिली.

७/ या कल्पनेचे साधे रूप आजही घरच्या घरी बसवता येते. फ्लशच्या टाकीकडे जाणाऱ्या नळीवर कॉक बंद करून एक ‘टी’ बसवायचा, त्यातून बारीक नळी काढायची, मध्ये पाणी कमी-जास्त करण्याचा कॉक आणि टोकाला बैठकीखाली तोटी. टाकीत येणारे पाणी मुळात स्वच्छच असते, म्हणून ही युक्ती चालते.

८/ धोका मात्र एक आहे. मुख्य वाहिनीतील दाब अचानक घटला, तर नळी उलट शोषू लागते. तोटी मैल्यात बुडालेली असेल, तर तो मैला घराच्या पिण्याच्या पाण्यात शिरू शकतो. म्हणून तोटी भांड्याच्या काठाच्या वर हवी आणि नळीवर उलटा प्रवाह रोखणारी व्यवस्था हवी. घरगुती जोडणीत नेमके हेच राहून जाते.

९/ कोहेन यांची खरी अडचण यंत्राची नव्हती, संकोचाची होती. ज्या वस्तूचे नाव चारचौघांत घेता येत नाही, तिची जाहिरात कशी करणार? पण १९६४ मध्येच जपानच्या ‘टोटो’ कंपनीने ही बैठक आयात केली, १९६९ पासून तिथेच बनवली. गिऱ्हाईक मुख्यतः रुग्णालयांचे. पाणी कधी फार गरम येई, तर धार भलतीकडे जाई.

१०/ टोटोच्या अभियंत्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. धार नेमकी कुठे पडावी, हे ठरवण्यासाठी सुमारे ३०० कर्मचाऱ्यांची मोजमापे घेतली. आधी लाजलेले सहकारी हळूहळू तयार झाले. तोटीचा कोन ४३ अंश आणि पाण्याचे तापमान ३८ अंश सेल्सिअस ठरले. १९८० मध्ये ‘वॉशलेट’ बाजारात आले.

११/ १९८२ च्या दूरदर्शन-जाहिरातीत हाताला लागलेला रंग कागदाने पुसून निघत नाही, एवढेच दाखवले. जेवणाच्या वेळी ही जाहिरात कसली दाखवता, म्हणून तक्रारी आल्या. पण मुद्दा पटला. आज ८० टक्क्यांहून अधिक जपानी घरांत अशी बैठक आहे.

१२/ मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने अमेरिकेतील दुकानांतून शौचाचा कागद नाहीसा झाला आणि लोक घरीच बिडेच्या नळ्या जोडू लागले. राजवाड्यांतले स्वतंत्र पात्र जिथे पोहोचले नाही, तिथे ही जोडणी पोहोचली. कारण तिने नवे घर मागितले नाही, आहे त्याच भांड्यावर जागा मागितली. शौचालयाचा इतिहास म्हणजे केवळ नळ आणि मोऱ्यांचा इतिहास नव्हे. आजारी माणसाला दुसऱ्याच्या हाताविना स्वच्छ होता यावे, या साध्या इच्छेचाही तो इतिहास आहे.