ताऱ्यांची शेपटी छाटणारी भिंगे

हौशी निरीक्षक मोठ्या परावर्तक दुर्बिणीचा विचार करू लागला की पहिला प्रश्न येतो तो लांबीचा. ५० सेंटीमीटर व्यासाच्या आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट, म्हणजे एफ/८ ठेवले, तर दुर्बीण सुमारे ४ मीटर लांब होते आणि नेत्रिकेला डोळा लावण्यासाठी शिडी चढावी लागते. तोच आरसा एफ/३ केल्यास हे अंतर दीड मीटरवर येते. या आखूडपणाची किंमत ‘कोमा’ नावाच्या दोषाच्या रूपाने मोजावी लागते.

अन्वस्ताकार आरसा मध्यभागी असलेल्या ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणतो. कडेच्या ताऱ्याचे किरण मात्र आरशाच्या वेगवेगळ्या भागांवरून परतताना एकत्र मिळत नाहीत. परिणामी तारा बिंदूऐवजी धूमकेतूसारखा, बाहेरच्या बाजूला शेपूट असलेला दिसतो. केस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दोषाला हे नाव पडले. मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात तो वाढतो आणि नाभीय गुणोत्तर निम्मे केल्यास चौपट होतो. कोमा नगण्य मानता येईल असे वर्तुळ एफ/१० आरशात सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे असते, एफ/४ मध्ये १.४, तर एफ/३ मध्ये अवघे ०.६ मिलिमीटर. आरसा लहान असो वा मोठा, हे आकडे बदलत नाहीत.

उपाय म्हणजे नाभीच्या अलीकडे विरुद्ध प्रकारचा कोमा निर्माण करणारी भिंगे बसवणे. फ्रँक रॉस यांनी १९३०च्या दशकात माउंट विल्सन व पालोमार येथील दुर्बिणींसाठी अशी भिंगे रचली. दोन भिंगांच्या त्या रचनेत कोमा गेला, पण थोडे गोलीय विपथन आले. म्हणजे मध्यभागाची तीक्ष्णताच काहीशी कमी झाली. अभिकल्पकाची खरी कसोटी येथेच आहे. एक दोष काढताना दुसरा शिरू द्यायचा नाही, रंगांची किनार उमटू द्यायची नाही आणि प्रतिमेचे प्रतलही सपाट राखायचे. म्हणून पुढे चार्ल्स विन यांनी तीन व चार भिंगांच्या रचना केल्या. हौशी निरीक्षकांत परिचित असलेल्या अल नागलर यांच्या ‘पॅराकोर’मध्येही चार भिंगे आहेत. त्याने प्रतिमा १५ टक्क्यांनी मोठी होते. अर्थात एफ/४ची दुर्बीण एफ/४.६ होते.

एवढे करूनही दोन पथ्ये उरतात. भिंगांपासून नाभीप्रतलापर्यंतचे अंतर अभिकल्पात ठरलेले असते. नेत्रिका बदलली की ते पुन्हा जुळवावे लागते, अन्यथा दोष पुरता जात नाही. दुसरे म्हणजे, आरशाचा अक्ष आणि भिंगांचा अक्ष एका रेषेत हवेत. आरसा तिरका राहिला तर मध्यभागी येणारा कोमा कोणतेही करेक्टर काढू शकत नाही.

तेव्हा आखूड दुर्बिणीत करेक्टर ही मागाहून घेण्याची चैनीची वस्तू नव्हे. आरसा, करेक्टर आणि नेत्रिका मिळून एकच यंत्र होते, आणि त्याचा हिशेब काच घासायला घेण्यापूर्वीच मांडलेला बरा.